वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तुम्ही रोजच्या सवयी कशा लावून घेतल्यात?

गोदाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी येथे केवळ वाचक आहे. धागा प्रथमच काढत आहे, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४५ च्या जवळ जातो. मधुमेहाला सहा वर्षे झाली आहेत आणि झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री मशीन लावून झोपावे लागते. आजवर दोनदा वीस-वीस किलो वजन उतरवले आणि दोन्ही वेळा ते व्याजासह परत आले. (बँकेत नोकरी करते, त्यामुळे हे व्याज नेमके किती होते याचा हिशेब माझ्याकडे आहे.) अखेर दोन डॉक्टरांशी सविस्तर बोलून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा बराचसा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया) करून घेण्याचे ठरवले आहे. दिवाळी आटोपली की, म्हणजे साधारण सात आठवड्यांनी, शस्त्रक्रिया आहे.

शस्त्रक्रियेचे तंत्र मला समजले आहे. आहारतज्ज्ञांनी चार पानांचा कागदही दिला आहे. त्यात काय खावे आणि किती खावे हे लिहिलेले आहे, पण सहा माणसांच्या घरात, नोकरी सांभाळून, हे रोज कसे पाळायचे ते त्यात नाही. माझा सध्याचा दिवस असा असतो: सकाळी दोन कप चहा आणि न्याहारी नाही, दुपारी दोनला खिडकीवरची गर्दी ओसरली की डबा, जो मी काल घड्याळ लावून पाहिले तेव्हा सात मिनिटांत संपला, संध्याकाळी घरी येताच हाताला लागेल ते, आणि रात्री पावणेदहाला सर्वांबरोबर टीव्हीसमोर पोटभर जेवण. जेवताना शेजारी पाण्याचा तांब्या असतो आणि तो रिकामा होतो.

प्रश्न एवढाच आहे की सवयी आतापासून लावून घ्याव्यात, की पोट लहान झाल्यावर त्या आपोआप लागतात? ओळखीच्या एका बाईंचे म्हणणे आहे की नंतर भूकच लागत नाही, त्यामुळे आता कशाला जिवाला त्रास करून घेतेस, दिवाळी मनसोक्त खाऊन घे. ज्यांनी स्वतः हे केले आहे किंवा घरात पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवांत_नाना

माझी जठराची बायपास शस्त्रक्रिया २०१८ मध्ये झाली. आता वय ६१. तुमच्या ओळखीच्या बाईंचा सल्ला प्रेमाचा असला तरी ऐकू नका, असे स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, तो तांब्या आजच ताटाजवळून हलवा. शस्त्रक्रियेनंतर जेवताना पाणी प्यायचे नसते आणि जेवण झाल्यावरही अर्धा तास थांबायचे असते, कारण उरलेल्या लहानशा जागेत एक तर अन्न मावते नाहीतर पाणी. मला पन्नाशी ओलांडेपर्यंत कोणी सांगितले नव्हते की मी अन्न चावत नाही, पाण्याबरोबर ढकलतो. पाणी काढून घेतल्यावर घास घशाखाली जाईना, तेव्हा ते कळले. ही एक सवय मोडायला मला शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण महिना लागला. आपोष्णी घेण्यापुरते पाणी तळहातावर चालते का, असे मी आहारतज्ज्ञ बाईंना विचारले होते. त्यांनी हसून परवानगी दिली, पण तांब्या बाहेरच राहील या अटीवर.

दुसरी गोष्ट, मोठा चमचा सोडा. मी अजूनही चहाच्या चमच्याने जेवतो. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा आणि घासाची चटणी होईपर्यंत तो उचलायचा नाही.

स्पष्टवक्ता

कोणाला दुखावण्याचा हेतू नाही, परंतु एक शंका आहे. सावकाश चावायचे, वेळेवर जेवायचे, गोड सोडायचे, रोज चालायचे, हे सर्व करायचेच असेल तर पोट कापून घेण्याची गरज काय? एवढे केले की वजन तसेही उतरते. आमच्या आजोबांनी कुठलीही शस्त्रक्रिया न करता नव्वदी गाठली.

अर्धीवाटी

आजोबांचे वजन ११२ किलो होते का, एवढे फक्त कळवा.

रानजाई

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रियांच्या टेबलाशी अनेकदा उभी असते, म्हणून स्पष्टवक्ता यांच्या शंकेला थोडे सविस्तर उत्तर देते.

वजन एका मर्यादेपलीकडे गेले की शरीर त्या वजनालाच आपले घर मानते. ते उतरू लागले की भूक वाढते, शरीराचा ऊर्जाखर्च घटतो आणि उतरलेले वजन परत येते. गोदाकाठताईंनी दोनदा जे अनुभवले त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक ज्या वरच्या फुगीर भागात प्रामुख्याने तयार होते, तो भागही त्याबरोबर जातो. बायपासमध्ये जठराची अंड्याएवढी थैली करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत केवळ जागा कमी होत नाही, तर आतड्यांतून मेंदूकडे जाणारे तृप्तीचे संदेशही बदलतात.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासाचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष येथे बोलके आहेत. शस्त्रक्रिया न करता नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाचे सरासरी वजन पंधरा वर्षांपर्यंतच्या काळात दोन टक्क्यांच्या आतच वरखाली झाले. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के राहिली. यातल्या दोन्ही आकड्यांकडे पाहावे. शस्त्रक्रियेने जे होते ते नुसत्या सल्ल्याने होत नाही, हे पहिल्यावरून दिसते. आणि ३२ चे २५ होतात, म्हणजे काही वजन परततेच, हे दुसऱ्यावरून. या दोन आकड्यांमधली जी जागा आहे ती सवयींची आहे, असे मी रुग्णांना सांगते.

आता आधीच्या तयारीविषयी. बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा, बहुतांशी पातळ आहार देतात. त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने फुगलेले असते. ते थोडे आकसले नाही तर दुर्बिणीतून जठर नीट दिसत नाही. तेव्हा त्या दोन आठवड्यांत कोणी मायेने लाडू पुढे केला तर तो शल्यचिकित्सकाच्या वाटेत ठेवला जातो, असे समजा. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांपैकी काहीही असेल तर ते आजच बंद करा. श्वासाचा व्यायाम आणि रोजचे चालणे आतापासून सुरू करा, आणि झोपेचे मशीन एकही रात्र चुकवू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांचे प्रमाण या आहारात आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच बदलावे लागते, अन्यथा साखर एकदम उतरते. ते वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

स्पष्टवक्ता

रानजाई, उत्तर पटले. 'इच्छाशक्ती' हा शब्द मी प्रत्यक्ष लिहिला नव्हता, पण मनात तोच होता, हे कबूल करतो.

अर्धीवाटी

माझ्या स्लीव्हला चौदा महिने झाले. ९८ वरून ६६ वर आले आहे. मी पूर्ण शाकाहारी असल्यामुळे माझा अनुभव धागाकर्तीला कदाचित उपयोगी पडेल.

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेले, नंतर मऊ आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, अशी चढण असते. पातळ आहाराच्या काळात आपल्या स्वयंपाकघराचे मोल कळले: मुगाचे कढण, गाळलेले वरण, पातळ ताक. त्रास नंतर होतो. सहाव्या आठवड्यात मी घरच्यांच्या पंगतीत बसून अर्धी पोळी नेहमीच्या वेगाने खाल्ली आणि ती छातीच्या मध्यभागी अशी अडकली की तोंडात लाळ दाटून आली, वीस मिनिटे मोरीत उभी होते आणि अक्षरशः रडले. पोळीचा चावलेला गोळा पुन्हा कणकेसारखा होतो आणि भात पोटात फुगतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून मात्र सुरळीत जाते. अर्थात हे माणसागणिक बदलते, तुम्हाला उलटही अनुभव येऊ शकेल.

ओळखीच्या बाई म्हणतात ते एका अर्थाने खरे आहे: भूक लागत नाही. पण तोच धोका आहे. तिसऱ्या महिन्यात मी सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत काहीही न खाता राहू लागले आणि त्याचा मला अभिमान वाटत असे. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. झपाट्याने वजन उतरल्यावर थोडे केस गळतात आणि काही महिन्यांनी परत येतात हे खरे असले तरी माझ्या रक्ततपासणीत प्रथिनेही कमी आली होती. तेव्हापासून मी भूक लागण्याची वाट पाहत नाही, गजर वाजला की खाते. दिवसात पाच गजर आहेत. कार्यालयात सुरुवातीला लोक हसत, आता माझा अकराचा गजर वाजला की शेजारची मंडळीही डबा उघडतात.

कट्टेकरी

पाच वेळा अर्धी वाटी म्हणजे अडीच वाट्या झाल्या. सदस्यनाम बदलून घ्या.

आहारसखी

मी आहारतज्ज्ञ आहे. अर्धीवाटी यांनी प्रथिनांचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण मराठी शाकाहारी घरात नेमके येथेच अडते.

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे लक्ष्य असते. 'आम्ही रोज वरण खातो' असे प्रत्येकजण सांगतो. शिजलेल्या डाळीच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे केवळ वरणावर ६० ग्रॅम गाठायचे तर नऊ वाट्या लागतील, आणि आपले पोट एका वेळी अर्धी-पाऊण वाटीचे झाले आहे. त्यामुळे पनीर (१०० ग्रॅममध्ये सुमारे १८ ग्रॅम), टांगून घट्ट केलेले दही, सोयाबीनच्या वड्या, खाणाऱ्यांसाठी अंडी (एकात सहा), मासे, कोंबडी यांना ताटात पहिला मान द्यावा लागतो. पहिले काही महिने प्रथिनांची पावडरही लागतेच. तिच्याकडे औषध म्हणून पाहावे. खाण्याचा क्रमही ठरवून घ्या: आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी किंवा भात. आपल्या पानात भाताची मूद मध्यभागी असते, ती कडेला न्यायची आहे. हा बदल लिहायला एक ओळ लागते आणि अंगवळणी पडायला सहा महिने.

दुसरा विषय गोळ्यांचा. जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, वजन उतरेपर्यंत नव्हे. ब-१२ शोषले जाण्यासाठी जो घटक लागतो तो जठरात तयार होतो. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषले जातात तो भाग बायपासमध्ये वाटेतूनच वगळला जातो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमही एकदम न घेता दिवसात दोन-तीन वेळा विभागून घ्यावे. आणि लोहाची गोळी चहाबरोबर गिळू नये, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते. गोदाकाठताई, तुमचे सकाळचे दोन कप येथे आडवे येणार आहेत, तेव्हा लोह दुपारी किंवा रात्री ठेवा. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत राहिल्या तर 'होईल बरे' म्हणून थांबू नका. ब-१ या जीवनसत्त्वाची कमतरता थोड्या आठवड्यांत मज्जासंस्थेला इजा करू शकते, म्हणून लगेच डॉक्टरांकडे जा.

निवांत_नाना

आहारसखी यांना पूर्ण अनुमोदन. बायपासवाल्यांसाठी एक भर घालतो: गुडघा दुखला, डोके दुखले म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून गिळू नका. जठर आणि आतड्याच्या नव्या जोडाजवळ व्रण (अल्सर) होण्याचा धोका असतो. मी औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरांत तसे लिहूनच घेतले आहे. आणि माझ्यासारखे आमरसाचे भक्त असाल तर सावध! पहिल्या वर्षी एक वाटी रस घेतला आणि पंधरा मिनिटांत छाती धडधडू लागली, घाम फुटला, पोटात कळा आल्या. गोड एकदम आतड्यात उतरले की असे होते, त्याला 'डम्पिंग' म्हणतात. आता मोसमात दोन चमचे रस, तोही जेवणाच्या शेवटी. हापूसची पेटी पूर्वी मी एकटा संपवत असे. हल्ली शेजाऱ्यांशी माझे संबंध फार सुधारले आहेत.

दोहाकर

बराच वेळ लिहावे की नाही या विचारात होतो. या धाग्यावर वजन उतरलेल्यांचे अनुभव आहेत, मी परत आलेल्या वजनाचा लिहितो.

मी २०१९ मध्ये पुण्यात स्लीव्ह करून घेतली आणि सुट्टी संपताच कतारला परतलो. दीड वर्षात १३४ वरून ८९ वर आलो. त्या दीड वर्षात मी जवळजवळ कोणतीही सवय लावून घेतली नाही, कारण गरजच भासली नाही. काहीही खाल्ले तरी थोडेच खाल्ले जात होते आणि काटा खालीच जात होता. पाठपुराव्याच्या तपासण्या 'भारतात गेलो की करू' म्हणून पुढे ढकलल्या. तिसऱ्या वर्षी हळूहळू भूक परतली. जेवण अजूनही कमीच होते, पण मी घरून काम करत होतो आणि टेबलावर चिवड्याची बरणी होती. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती मला कोणी समजावली नव्हती आणि किंमत मोजून कळली. कोंबडीचा किंवा पनीरचा तुकडा लहान पोटात तासन्‌तास बसतो, पोट भरल्याची जाणीव देतो. चिवडा, शेव, बिस्किट, वेफर यांचा तोंडातच लगदा होतो आणि ते झरझर खाली उतरतात. चार घासांत थांबवणारे पोट त्यांच्यापुढे निकामी ठरते. मी जेवणाला पाव वाटी डाळ खात होतो आणि दिवसभरात बरणीचा तळ गाठत होतो. चहात बिस्किट बुडवणे म्हणजे तर पोटाला फसवण्याची यांत्रिक युक्तीच आहे. पाचव्या वर्षाच्या अखेरीस मी १०७ वर होतो.

लाजेने डॉक्टरांना फोनही केला नव्हता. शेवटी गेल्या वर्षी केला. ते रागावले नाहीत, त्यांनी आधी रक्त तपासले, ड आणि ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे तळाला गेली होती. मग मला एकच काम दिले: दोन आठवडे तोंडात जाणारे सर्व काही लिहायचे, खरे लिहायचे, बदलायचे काहीच नाही. ती वही मी आजही जपली आहे. एका मंगळवारी त्यात एकवीस नोंदी आहेत आणि त्यांपैकी तीनच जेवणे आहेत. आता बरणी घरात नाही, खाणे ठरलेल्या वेळी आणि फक्त जेवणाच्या टेबलावर, आणि दर रविवारी सकाळी वजन, आकडा आवडो न आवडो. सध्या ९६ वर आहे. धागाकर्तीच्या प्रश्नाला माझे उत्तर: भूक गप्प असते ते वर्ष-दीड वर्ष फुकट घालवू नका. मी घालवले.

रानजाई

दोहाकर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वजन परतले की रुग्ण पाठपुरावा सोडतात आणि ज्यांना डॉक्टरांची सर्वाधिक गरज आहे तेच समोर येत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. दीर्घकाळात मद्याचाही विचार करा. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य फार वेगाने रक्तात चढते. पूर्वी अन्नात शोधलेला दिलासा काहीजण नंतर त्यात शोधू लागतात.

स्पष्टवक्ता

पुन्हा एक शंका, या वेळी खरोखर जाणून घेण्यासाठी. आता वजन उतरवणारी टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शने आपल्याकडे मिळतात. मग शस्त्रक्रियेचे दिवस संपले, असे समजायचे का?

रानजाई

तसे मी म्हणणार नाही. औषधे प्रभावी आहेत आणि पुष्कळांना पुरेशीही ठरतील. मात्र ती थांबवली की बहुतेकांचे बरेचसे वजन परत येते, आणि फार मोठ्या बीएमआयमध्ये शस्त्रक्रियेने होणारी घट सहसा अधिक असते. काही रुग्णांना दोन्ही लागतात. निवड तपासणीनंतर डॉक्टरांबरोबर करायची आहे. या धाग्याच्या विषयापुरते सांगायचे तर प्रथिने, स्नायू आणि वेळेवर खाणे यांची चर्चा इंजेक्शन घेणाऱ्यांनाही जशीच्या तशी लागू पडते, कारण त्यांचीही भूक गप्प होते.

पाटीपेन्सिल

शस्त्रक्रिया माझ्या यजमानांची झाली, चार वर्षांपूर्वी, कोल्हापुरात. सवयी मात्र सगळ्या घराला बदलाव्या लागल्या, म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहिते.

पहिले तीन महिने मी दोन स्वयंपाक करत होते आणि दमून चिडचिड करत होते. मग लक्षात आले की त्यांचे जेवण वेगळे नाही, त्यांचा क्रम आणि माप वेगळे आहे. आमच्याकडे मटणाचा बेत असतो तेव्हा त्यांना मऊ शिजलेले दोन तुकडे आणि थोडा पांढरा रस्सा वेगळा काढते. तांबड्याने त्यांच्या छातीत जळजळते. रात्रीचे जेवण साडेनऊवरून साडेसातला आणले. मुलांनी आठवडाभर कुरकुर केली. स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास अनेकांना होतो आणि उशिरा जेवून आडवे झाले की तो वाढतो, त्यामुळे ही गोष्ट ऐच्छिक नव्हती.

सर्वांत अवघड ठरला आग्रह. लग्नाच्या पंगतीत माझ्या मावससासूबाईंनी जिलबी थेट त्यांच्या तोंडाशी नेली आणि ते 'नको' म्हणाले तेव्हा भर मंडपात मावससासूबाईंना रुसवा आला. आपल्याकडे प्रेम ताटात वाढले जाते, त्यामुळे अर्धे ताट परत करणे म्हणजे प्रेम परत करणे वाटते. आम्ही शेवटी एक युक्ती केली: पंगतीत हे लहान वाटीत स्वतःचे जेवण घेऊन बसत आणि वाढपी व्हायची जबाबदारी घेत. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. गेल्या चार वर्षांत आमच्या भावकीत त्यांच्याएवढ्या पंगती कोणी वाढल्या नसतील.

कट्टेकरी

हे मात्र बिनतोड आहे. आमच्याकडे तारखा द्या, वाढपी हवेच आहेत.

शिवारवाट

माझ्या आईची शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. ती नवरात्राचे नऊ दिवस उपवास करते आणि यंदाही करणारच म्हणते. तिला काय सांगावे?

आहारसखी

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, कारण पाचव्या महिन्यात मी स्वतः नको म्हणेन. तरीही ती ऐकणार नसेल तर निर्जळी उपवास अजिबात नको. दिवसभरात घोट-घोट करून दीड ते दोन लिटर पाणी जायलाच हवे, आणि लहान पोटात सकाळचे राहिलेले पाणी रात्री एकदम भरून काढता येत नाही. साबुदाणा निव्वळ पिष्टमय आणि चिकट आहे, तो तिने टाळावा. उपवासाला चालणारे ताक, घट्ट दही, पनीर आणि राजगिऱ्याची लापशी अशी विभागणी करता येते. गोळ्या 'उपवास मोडतो' म्हणून बंद करू नयेत. माझ्या एका रुग्ण आजींनी नऊ दिवस अन्नाऐवजी दूरचित्रवाणीवरील मालिकांचा उपवास धरला होता. देवीची काही तक्रार आली नाही.

अर्धीवाटी

मालिकांचा उपवास माझ्या सासूबाईंना सुचवण्याचे धाडस माझ्यात नाही.

व्यायामाविषयी कोणी फारसे लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. शस्त्रक्रियेच्याच संध्याकाळी मला उठवून चालवले होते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी ते महत्त्वाचे असते. पुढे साधारण सहा आठवडे वजन उचलायचे नाही, आणि आपल्याकडे वजन म्हणजे पाण्याची बादली, गव्हाचा डबा, कडेवरचे मूल, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. नंतर नुसते चालणे पुरत नाही. उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे किंवा रबरी पट्ट्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. मी खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी चार वेळा जमले. आणखी एक, मूल हवे असणाऱ्या तरुण मैत्रिणींनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा पुढे ढकलायची असते, त्याची तजवीज आधीच करावी.

गोदाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले आहे. प्रत्येक प्रतिसाद वाचला, काही छापून सासूबाईंनाही वाचायला दिले.

'मनसोक्त दिवाळी'चा सल्ला बाजूला ठेवला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. पहिल्या आठवड्यात तांब्या गेला. निवांत_नाना, तुमचे म्हणणे शब्दशः खरे निघाले: पाण्याशिवाय मला तिसरा घास गिळता येईना. दुसऱ्या आठवड्यात चहाचा चमचा आला. सात मिनिटांचा डबा आता एकोणीस मिनिटांवर आला आहे. त्यासाठी शाखाधिकाऱ्यांना कारण सांगून जेवणाची सुट्टी दीड वाजता निश्चित करून घेतली, नाहीतर खिडकीवर उभ्या असलेल्या माणसासमोर सावकाश जेवण्याची माझी हिंमत होत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर पहिल्या तासात काहीतरी प्रथिनयुक्त खाणे सुरू केले. पहिले चार दिवस मळमळले, मग सवय झाली. झोपेचे मशीन एकही रात्र चुकलेले नाही. चालणे मात्र आठवड्यातून चारच दिवस होते, तेथे मी कमी पडते आहे. दोहाकर यांच्याप्रमाणे वही लिहिली. माझा सर्वाधिक नोंदींचा दिवस सोळाचा होता, आणि त्यांतल्या नऊ संध्याकाळी सहा ते आठ या वेळेतल्या निघाल्या. मी उपाशी घरी येते म्हणून ते होते, हे वही लिहिण्याआधी मला कधी दिसले नव्हते. आता पाच वाजता बँकेतच दही खाऊन निघते.

सासूबाईंची मला सर्वांत जास्त धास्ती होती. त्यांनी पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पाने मांडलेली होती आणि टीव्ही बंद होता. यंदाचा फराळ त्यांनी नेहमीच्या निम्माच केला आणि चिवड्याचा डबा आपल्या खोलीत कपाटात ठेवला. किल्ली त्यांच्या कमरेला आहे.

आज भाऊबीज झाली. उद्यापासून दोन आठवड्यांचा पातळ आहार सुरू होतो. मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवले आहे. भावाने ओवाळणीत मनगटावर थरथरणाऱ्या गजराचे घड्याळ दिले, पाचही वेळा त्यात लावून.

निवांत_नाना

उत्तम. एक सांगायचे राहिले होते: दवाखान्यात जाताना चहाचा चमचा घरून न्या. तेथे आमच्या वेळी सूप वाढायला मोठेच चमचे होते.